मधल्या सुट्टीतली नमाज: मुंबईच्या शाळांतील मुस्लिम मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शक

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत सूर्य साधारण सहा वाजता मावळतो आणि दुपारच्या सत्राची शाळा पावणेसहाला किंवा सहाला सुटते. ज्या मुलाने शाळेत असरची, म्हणजे सूर्यास्तापूर्वीची, नमाज पढलेली नाही, त्याची ती नमाज दप्तर आवरून, रांगेतून बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत कजा झालेली (वेळ टळलेली) असते. याच शाळेतून जुलैमध्ये सुटलेल्या याच मुलाला घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा पिऊन निवांत असर पढता येत होती, कारण तेव्हा सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होता. हा सव्वा तासाचा फरक घरात कुणी मोजलेला नसतो. मग डिसेंबरात मुलगा म्हणू लागतो, ‘रोजच चुकते, तर राहू दे ना अम्मी’, आणि आपण शाळेच्या वातावरणाला बोल लावतो.

मी कोकणी मुसलमान घरातली आहे. उपनगरातील मराठी शाळेत मी अनेक वर्षे शिकवले आणि माझी मुलेही मराठी शाळेतच शिकली. वर्गात चाळीस-पन्नास मुलांमध्ये दोन-तीन मुसलमान मुले असावीत, हे चित्र मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. शाळेचा उघड विरोध मला क्वचितच आढळला. बहुतेक अडचणी वेळापत्रकाच्या, पाण्याच्या, जागेच्या आणि वेळेवर न विचारलेल्या प्रश्नांच्या होत्या. शाळेशी बोलण्याचे काम मुलाचे नसून पालकांचे आहे आणि ते अडचण उभी राहिल्यावर नव्हे, तर जूनमध्ये करायचे असते, हे माझे ठाम मत आहे. पुढे जे लिहिले आहे ते याच मताला धरून आहे.

पहिली पायरी: आग्रह कशाचा, हे घरातच ठरवा

शाळेत जाण्याआधी आई, वडील आणि मूल यांनी एकत्र बसून एक छोटी यादी करावी. कोणत्या गोष्टी फर्ज (बंधनकारक) आहेत, कोणत्या सुन्नत (प्रेषितांच्या प्रथेतल्या) आहेत, कोणत्या केवळ आपल्या घरची रीत आहेत आणि कोणत्या बाबतीत उलेमांमध्येच, म्हणजे आलिम धर्मपंडितांमध्येच, मतभेद आहेत, हे मुलाला स्पष्ट कळले पाहिजे. ज्या मुलाला सगळेच सारख्या वजनाचे वाटते, ते मूल एक तर प्रत्येक गोष्टीवर भांडते किंवा थकून सगळेच सोडून देते.

वयाचाही विचार हवा. हदीसमध्ये सातव्या वर्षी मुलाला नमाजची सवय लावण्यास आणि दहाव्या वर्षी त्याबाबत अधिक कडक होण्यास सांगितले आहे, पण नमाज आणि रोजा फर्ज होतो तो मूल बालिग झाल्यावर, म्हणजे वयात आल्यावर. म्हणून दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी शाळेकडे नमाजच्या जागेची मागणी करण्याची गरज नसते. त्याने घरी आल्यावर अम्मीशेजारी उभे राहून नमाज पढली तरी सवय लागते. सातवी-आठवीपासून मात्र शाळेच्या वेळेतील नमाजचा विचार गांभीर्याने करावा लागतो.

मसलकाचा, म्हणजे धर्माचरणाच्या पंथाचा, प्रश्नही इथेच सोडवून घ्यावा. मुंबईत कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, उत्तर भारतातून आलेली कुटुंबे आणि मेमन बहुतांशी हनफी आहेत, बोहरा आणि शिया कुटुंबे जोहर (दुपारची नमाज) आणि असर एकत्र पढतात. त्यामुळे शेजारच्या मुलाचे वेळापत्रक आपल्या मुलाला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. मतभेदाच्या मुद्द्यावर आपल्या मशिदीच्या इमामांना किंवा ओळखीच्या आलिमांना एकदा विचारून घ्यावे आणि त्यावर ठाम राहावे. मोबाइलवर दर आठवड्याला नवा फतवा शोधत बसल्याने मूल गोंधळते.

दुसरी पायरी: नमाजच्या वेळा शाळेच्या घंटेशी जुळवून पाहा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिला कागद-पेन्सिल लागते. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून ढळल्यावर सुरू होते. मुंबईत ही वेळ वर्षभरात साधारण १२ वाजून २२ मिनिटे ते १२ वाजून ५३ मिनिटे यांच्या दरम्यान फिरते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सर्वांत लवकर आणि फेब्रुवारीच्या मध्याला सर्वांत उशिरा येते. असरची वेळ शाफई मतानुसार वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, त्या वस्तूइतकी लांब झाल्यावर सुरू होते, तर हनफी मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. मुंबईच्या घड्याळात सांगायचे तर शाफई असर वर्षभर साधारण पावणेचार ते सव्वाचारच्या दरम्यान लागते, तर हनफी असर हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास.

आता शाळेची सत्रे पाहू.

सकाळच्या सत्रातील मूल साडेबारा-एकला सुटत असेल तर जोहरची आणि असरची चिंता नाही. त्याची अडचण फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, आहे. पुष्कळ पालकांना वाटते की हिवाळ्यात फजर अवघड जाते. शाळेच्या दृष्टीने हे उलटे आहे. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, त्यामुळे सातच्या शाळेसाठी सहाला उठलेले मूलही वेळेत फजर पढून निघू शकते. जूनमध्ये मात्र सूर्योदय सहाच्या सुमारासच होतो. नेहमीप्रमाणे पावणेसहाला उठवलेल्या मुलाच्या हाती जेमतेम पंधरा मिनिटे राहतात आणि तेवढ्यात स्नानगृहाबाहेर घरातली रांग लागलेली असते. म्हणून शाळा सुरू होण्याच्या आठवड्यापासूनच उठण्याची वेळ साडेपाचवर आणावी आणि त्यासाठी रात्रीची झोप दहाच्या आत आणावी. इशा (रात्रीची नमाज) पढून लगेच झोपण्याची शिस्त घरातल्या मोठ्यांनी पाळली, तरच मुले पाळतात.

सकाळी आठ ते दुपारी अडीच-तीन अशी लांब शाळा असेल, तर जोहर हा कळीचा मुद्दा होतो. अशा शाळांमध्ये मोठी सुट्टी बहुधा अकरा-साडेअकराला होते, म्हणजे जोहर लागण्यापूर्वीच. तीनला शाळा सुटली आणि घर जवळ असले तर प्रश्न मिटला. पण घाटकोपरहून निघालेली स्कूल बस मुलुंडपर्यंत दहा मुले उतरवत जाते, तेव्हा चार सहज वाजतात, आणि शाफई मुलाची जोहर बसमध्येच निघून जाते. अशा वेळी शाळा सुटल्यावर बस निघण्याआधीच्या दहा मिनिटांत, किंवा एक-दीडच्या छोट्या सुट्टीत, शाळेतच जोहर पढावी लागेल.

दुपारच्या सत्रातील मुलाने नोव्हेंबर-डिसेंबरात साडेबाराची शाळा गाठण्यापूर्वी जोहर पढण्याचा प्रयत्न करू नये. ती घाईची होते आणि कधी कधी वेळेपूर्वीची होते. तीनच्या मधल्या सुट्टीत जोहर सर्व मतांनुसार वेळेत बसते. असरसाठी मात्र ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने वेगळे धरावेत, कारण या काळात सूर्यास्त सहा ते साडेसहाच्या दरम्यान असतो. पुष्कळ शाळांत साडेचार-पावणेपाचला दहा मिनिटांची छोटी सुट्टी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात तोपर्यंत शाफई आणि हनफी अशा दोन्ही मतांनुसार असर लागलेली असते. जून ते सप्टेंबर आणि फेब्रुवारीपासून पुढे असर घरी पढता येते. म्हणजे वर्षभराची वाटणारी अडचण मोजून चार महिन्यांची आणि रोजच्या सात मिनिटांची निघते.

शाळेत मोबाइल चालत नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जोहर आणि असरच्या वेळांची चिठ्ठी मुलाच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. मनगटावर साधे घड्याळ असावे.

तिसरी पायरी: वुजू, जागा, किब्ला

वुजूसाठी (नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) शाळेच्या बेसिनमध्ये पाय धुणारे मूल हा तक्रारीचा हमखास विषय होतो. ओल्या फरशीवर कुणी घसरले, की दोष त्याच मुलावर येतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मुलाने घरून वुजू करून निघणे आणि शक्य तेवढा तो टिकवणे. तुटलाच, तर पाण्याची एक वेगळी बाटली पुरते. प्रेषितांनी (त्यांच्यावर अल्लाहची कृपा व शांती असो) एक मुद्द, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण लिटर, पाण्यात वुजू केल्याचे हदीसमध्ये आले आहे. इतक्या पाण्यात वुजू करण्याचा सराव रविवारी घरी करून घ्यावा. दप्तरात एक छोटा पंचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत रबरी चपला असाव्यात. वुजू झाल्यावर सांडलेले पाणी स्वतः पुसून काढावे. हे मुलाला सांगावे लागते, आपोआप सुचत नाही.

जागेच्या बाबतीत माझा सल्ला असा की, रिकामा वर्ग, वाचनालयाचा कोपरा किंवा व्यायामशाळेची खोली निवडावी. जिना, व्हरांडा आणि मैदान टाळावे, कारण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता अडतो आणि मुलाचे लक्षही लागत नाही. जोहर आणि असर या दोन्ही नमाजांत किरात (कुरआनचे पठण) मनातल्या मनात होते, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नसतो. चार रकात (नमाजची आवर्तने) फर्जला पाच-सहा मिनिटे लागतात. सुट्टी लहान असेल तर सुन्नत घरी पढता येते की नाही, हे आलिमांना विचारून ठेवावे. नमाज पढतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मुलाने स्वतः काढू नये आणि मित्रांनाही काढू देऊ नये. चांगल्या हेतूने टाकलेली तीस सेकंदांची चित्रफीत दुसऱ्या दिवशी कुठल्या मथळ्याखाली फिरेल, हे सांगता येत नाही आणि मग मदत करणाऱ्या मुख्याध्यापिकाच अडचणीत येतात.

किब्ल्यासाठी, म्हणजे नमाजची दिशा ठरवण्यासाठी, होकायंत्राची गरज नाही. मुंबईहून मक्का पश्चिमेपासून जेमतेम दहा अंश उत्तरेकडे आहे. अरबी समुद्र ज्या बाजूला आहे ती पश्चिम, इतके मुंबईच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तिकडे तोंड करून किंचित उजवीकडे वळले की पुरे.

चौथी पायरी: जूनमध्ये शाळेशी बोलणे

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात वर्गशिक्षिकांची वेळ घ्यावी, त्यांच्यामार्फत मुख्याध्यापिकांना भेटावे आणि एक लेखी पत्र द्यावे. थेट वर जाणे टाळावे. वर्गशिक्षिका नाराज झाल्या तर मुख्याध्यापिकांची परवानगी कागदावरच राहते. पत्र मराठीत, अर्ध्या पानाचे आणि विनंतीच्या सुरात असावे. उदाहरणार्थ:

‘माझा मुलगा इयत्ता आठवी ब मध्ये दुपारच्या सत्रात शिकत आहे. आमच्या धर्माप्रमाणे ठरावीक वेळेत नमाज पढणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी त्याला रोज मधल्या सुट्टीत आणि ऑक्टोबर ते जानेवारी या काळात छोट्या सुट्टीत सात मिनिटे एखाद्या रिकाम्या खोलीचा कोपरा वापरू द्यावा, अशी नम्र विनंती आहे. यामुळे त्याचा कोणताही तास बुडणार नाही आणि शाळेला वेगळी व्यवस्था करावी लागणार नाही. जागा आणि नियम आपण ठरवाल तसे आम्ही पाळू. काही अडचण वाटल्यास कृपया मुलाला न विचारता मला दूरध्वनी करावा.’

शेवटचे वाक्य वगळू नये. पहिल्या दिवशी एखाद्या बदली शिक्षकाने मुलाला दारात थांबवून ‘हे काय चाललंय?’ असे विचारले, तर तेरा वर्षांच्या मुलाने तिथे उभे राहून धर्माचे समर्थन करावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे.

शाळेने नमाजसाठी जागा दिलीच पाहिजे असा कायदा नाही, हे पालकांनी समजून घ्यावे. ही विनंती आहे, हक्काची वसुली नाही. नकार आला तर दुसरे मार्ग शोधावेत: सत्र बदलून मिळते का पाहावे, शाळेजवळच्या ओळखीच्या घरी किंवा मशिदीत दहा मिनिटे थांबून नमाज पढून मग घरी यावे, किंवा बसऐवजी लवकर पोहोचणारा मार्ग निवडावा. आमच्याकडे एका वर्षी परवानगी मिळाली नाही, तेव्हा चार महिने मुलाचे अब्बा पावणेसहाला शाळेच्या फाटकाशी स्कूटर लावून उभे राहत आणि तीन मिनिटांवरच्या मशिदीत नेत. जमले, पण धावपळ झाली.

जुम्याचा, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजचा, विचार याच पत्रात करावा. जुमा बालिग मुलांवर आहे, मुलींवर नाही. मुंबईतील मशिदींमध्ये जुम्याच्या जमाअतीची वेळ एकसारखी नसते. कुठे एकच्या आसपास, कुठे दोनच्या आसपास. सकाळच्या सत्रातील मुलाला बहुधा प्रश्न येत नाही. इतरांनी शाळेजवळच्या दोन-तीन मशिदींच्या वेळा विचारून ठेवाव्यात आणि सुट्टीत बसणारी वेळ सापडत असेल, तर जाण्या-येण्याची लेखी परवानगी घ्यावी. अल्पवयीन मुलाला शाळा एकटे बाहेर सोडणार नाही आणि सोडूही नये. घरचे कुणीतरी घ्यायला गेले पाहिजे. अजिबातच शक्य नसेल तर काय करायचे, हे आलिमांना विचारावे.

पाचवी पायरी: परिपाठ, पूजा आणि प्रसाद

मराठी शाळेच्या परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना असते. राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा यांत अडचणीचे काही नाही. आपली मुले ती मोकळ्या गळ्याने म्हणतात. साने गुरुजींची जगावर प्रेम करायला सांगणारी प्रार्थना अनेक शाळांत होते, तिच्यात कुणा देवतेची आराधना नाही. एखाद्या देवतेची स्तुती असलेली प्रार्थना असेल, तेव्हा मुलाने सावधान स्थितीत, शांत आणि आदराने उभे राहावे, ओठ हलवू नयेत, हात जोडू नयेत, आणि शेजारच्याशी कुजबुजही करू नये.

याला कायद्याचा आधार आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील बिजो इमॅन्युएल खटल्यात, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन ख्रिस्ती भावंडे शाळेतून काढून टाकणे चुकीचे ठरवले. तो खटला आपल्या अडचणीचा नाही, पण शांतपणे उभे राहणे हा अनादर नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. हा आधार माहीत असावा. पहिल्याच भेटीत तो मुख्याध्यापिकांपुढे आपटू नये.

दसऱ्याचे पाटीपूजन, गणपती, दहीहंडी किंवा मिशनरी शाळेतील नाताळ, या दिवशी मुलाला घरी ठेवण्याची सवय मला पटत नाही. त्या दिवशी खुर्च्या मांडणे, सूत्रसंचालन, फलकलेखन अशी कामे असतात. पूजेत न बसता ही कामे आनंदाने करणारे मूल वर्गाचेच राहते. सूर्यनमस्कार मंत्राविना केवळ व्यायाम म्हणून चालतात की नाहीत, याबाबत मतभिन्नता आहे. आपल्या आलिमांचे मत नकारार्थी असेल, तर शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडे दुसरा व्यायाम मागावा. मराठीच्या पुस्तकातील तुकोबांचा अभंग किंवा ज्ञानेश्वरांची ओवी मात्र साहित्य म्हणून मन लावून अभ्यासावी, तिचे रसग्रहण लिहावे. शिवजयंतीला भाषण करावे. इतिहास शिकणे म्हणजे उपासना नव्हे, हा फरक मुलाला एकदा उमगला की पुष्कळ गाठी सुटतात.

प्रसादाचा क्षण लहान असतो, पण मुलाला तोच सर्वांत जड जातो, कारण समोर हात पुढे केलेला मित्र असतो. त्यासाठी वाक्य आधीच तयार हवे: ‘मी प्रसाद घेत नाही रे, आमच्यात चालत नाही, पण तुझ्या वाढदिवसाला नक्की येणार.’ नाक मुरडणे नको आणि घेऊन गुपचूप कचऱ्यात टाकणे तर मुळीच नको. मित्राने ते पाहिले तर ते दुखणे वर्षभर राहते. दिवाळीचा फराळ हा प्रसाद नव्हे. कोकणी मुसलमानांच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा त्याच घरी परत जात आला आहे.

डबा आणि खाऊ

इथे फार लिहिण्यासारखे नाही. भारतात पाकिटावरचे हिरवे चिन्ह असलेल्या पदार्थात जिलेटिन किंवा प्राणिज रंग नसतो. जेली, मार्शमेलो आणि परदेशातून आलेल्या गोळ्या-चॉकलेटांवर तपकिरी चिन्ह आहे का, ते पाहायला मुलाला शिकवावे. मांसाहार शंकास्पद असेल तिथे वडापाव, समोसा, इडली असतेच. शाळेत सामिष डबा आणू नये असा नियम असेल तर तो विनातक्रार पाळावा. आपला धर्म मटण खायला बंधनकारक करत नाही.

पोशाख

मुलींच्या बाबतीत प्रवेश घेण्यापूर्वी शाळेची गणवेशाची नियमावली लेखी मागून घ्यावी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्कर्टऐवजी सलवार-कमीज किंवा स्कर्टखाली लेगिंग, पी.टी.साठी लांब पॅन्ट, या गोष्टींना बहुतेक शाळा हरकत घेत नाहीत. डोक्याच्या रुमालाचा प्रश्न नाजूक आहे. गणवेशाच्याच रंगाचा, साध्या सुती कापडाचा, टाचण्या न लागणारा आणि चेहरा पूर्ण दिसू देणारा रुमाल मागितला तर होकाराची शक्यता वाढते. प्रयोगशाळेत त्याची टोके आत खोचलेली असावीत आणि तो कृत्रिम धाग्याचा नसावा, कारण बर्नरजवळ असे कापड चटकन पेटते.

कायद्याची स्थिती अजून पक्की झालेली नाही. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवर घातलेल्या बंदीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळली आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः अंतरिम स्थगिती दिली; वर्गात बुरखा घालण्याची मुभा मात्र दिली नाही. म्हणून ‘कोर्टाने परवानगी दिली आहे’ किंवा ‘कोर्टाने बंदी घातली आहे’ अशी कोणतीही सरसकट विधाने करून मुलीला शाळेत पाठवू नये. नियम आडवा आला, तर फाटकापर्यंत रुमाल आणि आत गणवेश असा तात्पुरता मार्ग काही कुटुंबे काढतात, काही शाळा बदलतात. या निर्णयात मुलीचे स्वतःचे मत विचारलेच पाहिजे.

रमजान आणि परीक्षा

इस्लामी वर्ष चंद्रावर चालत असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडेतिकडे धरून, २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटी सुरू होईल आणि २०३० या एका वर्षात जानेवारी आणि डिसेंबर असा दोनदा येईल. म्हणजे पुढची काही वर्षे तो दहावी-बारावीच्या परीक्षा, तोंडी परीक्षा किंवा पूर्वपरीक्षा यांच्याशी गाठ घालणार आहे. दिलासा एवढाच की मुंबईत फेब्रुवारीचा रोजा जेमतेम पावणेतेरा तासांचा असतो आणि ऊनही अजून कडक झालेले नसते.

परीक्षा आहे एवढ्याच कारणाने रोजा सोडायला बहुतेक उलेमा परवानगी देत नाहीत. खऱ्या आजारपणाची सूट कुरआननेच सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत दिली आहे. मधुमेह, तीव्र अर्धशिशी किंवा रक्तक्षय असणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर आणि आलिम दोघांनाही रमजानपूर्वी विचारावे. मासिक पाळीत मुलीला नमाज आणि रोजा दोन्हींची सूट आहे, पुढे फक्त रोजे भरून काढायचे असतात. अशा दिवशी ‘आज रोजा नाही का?’ असे तिला मैत्रिणींपुढे कुणी विचारू नये, घरातल्या भावांनीही नाही.

अभ्यासाचे वेळापत्रक रोज्याभोवती फिरवावे. सहेरीनंतर (पहाटेच्या जेवणानंतर) फजर पढून सात-साडेसातपर्यंत डोके ताजे असते. गणित आणि विज्ञान तेव्हा करावे. दुपारी जोहरनंतर अर्धा-पाऊण तास झोपावे. असर ते मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) या वेळेत नवे काही शिकू नये, लेखनाचा सराव किंवा नकाशे चालतात. सहेरीला पाव-चहा न देता भाकरी किंवा पोळी, डाळ, अंडे, दही आणि केळे द्यावे. तळलेले आणि खारट दिले की अकराच्या पेपरला घसा कोरडा पडतो. इफ्तारीनंतर पाणी एकदम न पिता झोपेपर्यंत थोडे थोडे प्यावे. तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) सुन्नत आहे. पेपरच्या आदल्या रात्री मुलाने ती घरी, आपल्या आलिमांच्या सल्ल्याने, आटोपशीर पढून झोपावे. पेपर दुपारी तीन ते सहा असेल, तर केंद्रावर जाण्यापूर्वी जोहर पढावी, सुटल्याबरोबर असर पढावी आणि खिशात तीन खजूर व पाण्याची बाटली ठेवावी, कारण सहानंतरच्या गर्दीत इफ्तारची वेळ लोकलमध्येच गाठते. पी.टी.च्या शिक्षकांना महिना सुरू होण्यापूर्वी चिठ्ठी द्यावी. धावण्याऐवजी गुण लिहिण्याचे काम ते सहज देतात.

ईदच्या सुट्टीचा दिवस चंद्रावर आणि कधी शासनाच्या आदेशावर बदलतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्याने मुंबईतील मुस्लिम समाजाने जुलूस स्वतःहून पुढच्या दिवशी नेला, आणि २०२४ मध्ये मुंबईतील ईद-ए-मिलादची सुट्टी १६ सप्टेंबरऐवजी १८ सप्टेंबरला झाली. घटक चाचणीच्या तारखा पाहताना हे ध्यानात ठेवावे.

टोमणे आणि प्रश्न

कुतूहल आणि टोमणा यांतला फरक मुलाला ओळखता आला पाहिजे. ‘दिवसभर पाणीसुद्धा नाही?’ हे कुतूहल आहे, त्याचे हसून उत्तर द्यावे. ‘तुम्ही तिकडेच जा’ हा टोमणा आहे, त्याला एकदा शांतपणे ‘असं बोलू नकोस, मी इथलाच आहे’ असे सांगून निघून यावे आणि घरी सांगावे. घरात पालकांनी लगेच पेटून न उठता तारीख, शब्द आणि कोण हजर होते, हे वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्यांदा घडले की वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग पालक-शिक्षक संघ किंवा शाळा व्यवस्थापन समिती, आणि तिथेही दाद न मिळाल्यास आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक किंवा महापालिकेचे शिक्षणाधिकारी, या क्रमाने लेखी तक्रार करावी आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. शिक्षकाकडूनच अपमान होत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. मूल घाबरून गप्प झाले असेल, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

आपल्या मुलाच्या जिभेवरही लगाम हवा. इतर लोक ज्यांना पुजतात त्यांना शिव्या देऊ नका, असे कुरआनच्या सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत स्पष्ट सांगितले आहे. वर्गात कुणाच्या देवाची चेष्टा करून आलेल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांसमोर माफी मागायला लावेन.

प्रश्नांची उत्तरे यावीत म्हणून मुलाकडे माहितीही असावी लागते. अरबी तिलावतीबरोबर आठवड्यातून एक दिवस मराठी अनुवाद घेऊन चार आयती समजून घेण्याचा पाठ घरात ठेवावा, कारण वर्गमित्र प्रश्न मराठीत विचारणार आहेत आणि उत्तरही मराठीतच द्यावे लागणार आहे. मगरिबनंतरच्या मकतबात (धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकलेले ‘नमाज का पढायची’ हे ज्या मुलाला मराठीत पाच वाक्यांत सांगता येत नाही, ते वर्गात गप्प बसते. शाळेने प्रकल्प दिला तर विषयही जवळ आहेत: माहीमच्या दर्ग्यातील मखदूम अली माहीमी (१३७२ ते १४३१) यांनी अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथरचना केली. माझ्या एका विद्यार्थिनीने माहीमवर असा प्रकल्प केला, तेव्हा वर्गातील निम्मी मुले तिच्याबरोबर दर्गा पाहून आली आणि परतताना सगळ्यांनी हलवा खाल्ला.

अकरावीच्या उंबरठ्यावर

दहावीनंतर ही सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात मुलाला ओळखणाऱ्या वर्गशिक्षिका नसतात, पण तासांमधला मोकळा वेळ जास्त असतो आणि नमाजसाठी जवळच्या मशिदीत जाणे सोपे होते. ऑनलाइन प्रवेशाच्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाचे माहितीपत्रक उघडून पोशाखाचा नियम, तासिकांची वेळ आणि ७५ टक्के हजेरीची अट वाचावी, शुक्रवारी दुपारी प्रात्यक्षिके असतात का ते कार्यालयात जाऊन विचारावे, आणि मगच क्रमांक टाकावेत. यादी जाहीर झाल्यावर महाविद्यालय बदलायला फारसा वाव उरत नाही.